नव्वद मागितलं, नव्वद दिलं

सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटं. मस्तगडच्या आपल्या दुकानात झुंबरलाल सुंदेचा लाकडी पाटावर बसून बॅरलच्या तोटीखाली पाच लिटरचा डबा धरून होते. तोटी अर्धीच उघडी होती. तेल घाईनं सोडलं की फेस धरतं, आणि फेस बसला की डबा बोटभर कमी भरलेला दिसतो. गिऱ्हाईक ते बघतं. झुंबरलाल गिऱ्हाइकाच्या आधी बघतात.

शाळेची व्हॅन चालवणारा एक ओळखीचा ड्रायव्हर ऑइल न्यायला आला होता. त्यानं डब्याकडे पाहिलंच नाही. मोबाइल पुढे केला.

"शेठ, तुम्ही तं फेमस झाले."

व्हिडिओत गोणपाटावर ठेवलेला एक उघडा गिअरबॉक्स होता. मागे काळ्या मातीनं बरबटलेली जीप. मग एक हात पुढे आला. त्या हातात तेलाचा रिकामा डबा होता आणि डब्यावर लाल अक्षरांचा स्टिकर: झुंबरलाल सुंदेचा, मस्तगड, जालना. कॅमेऱ्यामागचा माणूस बोलत होता. "बघून घ्या मंडळी. झुंबरशेठचं फुल सिंथेटिक. पावसाळ्याच्या आधी टाकल्तं, दिवाळी न्हाई आली तं गिअरबॉक्स खल्लास. डुप्लिकेट माल हाय. कोणी घेऊ नका."

झुंबरलालनी आधी तोटी बंद केली. डब्याला झाकण लावलं. चिंधीला हात पुसले आणि मग व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला.

"आवाज मोठा कर."

"डबा तुमचाच हाय न्हाई का?" ड्रायव्हरनं विचारलं.

"स्टिकर माझा आहे. माल कंपनीचा आहे. अन् जबान ह्याची आहे," झुंबरलाल म्हणाले. "कोण आहे हा?"

तो कल्याण होता, भोकरदनच्या पुढच्या एका गावचा. जून महिन्यात तो दुकानात आला होता, हे झुंबरलालना आठवलं. त्यानं जे मागितलं तेही आठवलं. माणूस विसरला तरी त्यानं काय मागितलं ते झुंबरलाल विसरत नाहीत.

तेलाच्या धंद्यात दुकानदाराला बरंच काही ऐकून घ्यावं लागतं. महाग लावतो, तोंडाचा कडू आहे, सुट्टे देत नाही. याच्यानं दुकान बंद पडत नाही. डुप्लिकेट या एका शब्दानं पडतं. चांगलं आणि नकली तेल बाटलीत सारखंच दिसतं. गिऱ्हाइकाला ते हुंगून, चाखून, उजेडात धरून ओळखता येत नाही. ते दुकानदाराच्या शब्दावर तेल विकत घेतं. तो शब्द खोटा आहे असं एकानं कॅमेऱ्यासमोर सांगितलं, आणि ते भोकरदन-जाफराबादच्या जीपवाल्यांच्या ग्रुपवरून जालन्यात येऊन पोचलं होतं.

दुपारपर्यंत फोन सुरू झाले. एका कंत्राटदारानं, ज्याच्या मशिनींचं तेल वर्षानुवर्षं इथूनच जात होतं, या खेपेचा माल थांबवायला सांगितला. कारण दिलं नाही. एक ट्रकवाला नेहमीसारखा हसत आत आला आणि म्हणाला, "शेठ, आज असली देता का डुप्लिकेट? डुप्लिकेट स्वस्त असन तं तेच द्या." त्याला ती गंमत वाटली होती. झुंबरलालनी त्याला तेल दिलं, पैसे घेतले आणि तो गेल्यावर पाठीमागून बराच वेळ बोलत राहिले.

झुंबरलाल सदुसष्ट वर्षांचे आहेत. वडिलांचं जुन्या जालन्यात कापडाचं दुकान होतं. कापड त्यांना कधी आवडलं नाही, कारण कापडाचं गिऱ्हाईक दहा तागे उलगडतं, हात लावून बघतं आणि घरी विचारून येतो म्हणून जातं. तेलाचं गिऱ्हाईक आकडा घेऊन येतं. झुंबरलालनी तेलाची एजन्सी घेतली तेव्हा विहिरींवर डिझेल इंजिनं होती, रस्त्यावर ट्रक होते, ट्रॅक्टर मोजके होते. चाळीस नंबर इंजिनात जायचं, नव्वद गिअरमध्ये जायचं, एकशेचाळीस जुन्या ट्रकच्या मागच्या हाउसिंगमध्ये, म्हणजे चाकांच्या आसाच्या पेटीत. माणूस उंबऱ्यावरून हाक मारायचा, "दोन नव्वद," आणि डबे काउंटरवर यायचे. गाडी कोणती, काम काय, हे विचारायची पद्धत नव्हती. वडिलांनी गादीवर बसून शिकवलेली एकच गोष्ट त्यांनी तेलाच्या दुकानात आणली होती: गिऱ्हाइकाला फार विचारायचं नाही, विचारलं की त्याला आपली अक्कल काढल्यासारखं वाटतं.

चारचाकी त्यांनी कधी चालवली नाही. गुडघे धरायला लागले तोवर स्कूटर होती. आता घर ते दुकान पायी. ज्या गिअरबॉक्ससाठी आयुष्यभर तेल विकलं तो उघडा कसा दिसतो हे त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि त्यात कमीपणा आहे असं त्यांना कधी वाटलंही नव्हतं. औषधाच्या दुकानदारानं ऑपरेशन पाहिलेलं असतं का, असं ते म्हणत.

मग सिंथेटिक आलं. सोनेरी डबे, चकचकीत लेबलं. आधी फक्त आकडा घेऊन येणारं गिऱ्हाईक आता आकडा आणि एक विशेषण घेऊन येऊ लागलं. नव्वद द्या, पण फुल सिंथेटिक. कल्याणनं जूनमध्ये नेमकं हेच मागितलं होतं. वर म्हणाला होता, "भारीतलं द्या, गाडी चिखलात असती." झुंबरलालनी दुकानातलं सगळ्यात भारी नव्वद काढून दिलं. मागितल्याप्रमाणं दिलं, बिल दिलं, स्टिकर लावला. यात डुप्लिकेट कुठं आलं?

संध्याकाळच्या आधी कंपनीचा सेल्समन येऊन गेला. त्यानं कल्याणला दिलेल्या खेपेतलाच एक डबा घेतला, झाकणावरचा कोड मोबाइलनं तपासला आणि सांगितलं, "शंभर टक्के ओरिजनल, शेठजी."

"मंग हेच मोबाइलवर बोल. त्या ग्रुपवर टाक."

"आम्हाला अलाउड नाही तसं."

"मला शिव्या खायला अलाउड आहे?"

सेल्समन हसला. बॅग उचलता उचलता तो सहज म्हणाला, "त्यांनी हे गिअरबॉक्समध्ये टाकलं असेल. हे जीएल-फाइव्ह आहे ना. पितळी रिंगा असतात त्या गिअरबॉक्सला हे चालत नाही, फोर लागतं. डब्यावर लिहिलंय."

झुंबरलालनी डबा फिरवला, चष्मा कपाळावर घेतला, पुन्हा डोळ्यांवर घेतला. डब्याच्या पाठीवर, खालून तिसऱ्या ओळीत ते लिहिलेलं होतं.

"तू मला काय सांगून माल टाकला होता? पाच लेटेस्ट आहे, चारपेक्षा भारी आहे."

"भारीच आहे. हाउसिंगला."

"हाउसिंगला, हे तेव्हा बोलला होता का?"

"तुम्ही विचारलं नव्हतं."

सेल्समन गेला. त्यानं सांगितलेलं खरं होतं आणि ते असं आहे. नव्वद हा फक्त दाटपणाचा आकडा. तेलात कोणती रसायनं आहेत ते नव्वद सांगत नाही, ते जीएलपुढचे चार आणि पाच सांगतात. गाडीच्या मागच्या-पुढच्या हाउसिंगमध्ये दातेरी चाकं एकमेकांवर प्रचंड दाबानं घासत फिरतात. त्यांच्यासाठी पाच नंबरच्या तेलात गंधकाची जोरदार रसायनं घातलेली असतात. गिअरबॉक्समध्ये पितळेच्या पातळ रिंगा असतात. गिअर बदलताना या रिंगांनी थोडं घासावं, धरावं, दोन्ही चाकांचा वेग जुळवावा अशी त्यांची रचना असते. पाच नंबर तिथं गेलं तर रिंगा नीट धरत नाहीत, आणि तेल तापलं की तीच रसायनं हळूहळू पितळ खातात. तेल सिंथेटिक आहे की साधं, याचा त्याच्याशी संबंध नाही. सिंथेटिक तापलं तरी लवकर मोडत नाही, थंडीत घट्ट होत नाही, जास्त टिकतं. चुकीच्या जागी टाकलं तर तिथंही टिकतं.

झुंबरलालना हे कळलं तेव्हा पहिल्यांदा बरंच वाटलं. माल असली ठरला होता. टाकणाऱ्यानं चुकीच्या जागी टाकला. त्यांनी दुकान बंद केलं आणि जेवायला घरी गेले. सुंदेचांकडे सूर्यास्ताच्या आधी जेवण उरकतं.

घरात मारवाडी बोलतात. त्यांच्या पत्नी भगवतीदेवी फुलके शेकत होत्या आणि झुंबरलाल ताटावर बसून हकिकत सांगत होते. शेवटी ते म्हणाले, "त्यानं नव्वद मागितलं, मी नव्वद दिलं. माझी काय चूक?"

"कुठं टाकणार, ते विचारलं नाही?"

"गिऱ्हाइकाला असं विचारतात का?"

"शेजारची उषाबाई वाटी घेऊन आली अन् तेल द्या म्हणाली, तर मी विचारते. फोडणीला का डोक्याला? तिला काही राग येत नाही."

"अगं, तेल अन् तेल सारखं असतं का?"

"तेच म्हणते मी," भगवतीदेवी म्हणाल्या आणि फुलका ताटात टाकला.

"तू दुकान चालव मग."

"अमनला पुण्याहून बोलवा. माझे गुडघे तुमच्यापेक्षा वाईट आहेत."

अमन हा मुलगा. तो पुण्यात नोकरी करतो आणि तेलाच्या दुकानात बसायचं नाही हे त्यानं कॉलेजातच सांगून टाकलं आहे. ताटात अन्न टाकायचं नाही म्हणून झुंबरलालनी शेवटचा फुलका संपवला आणि उठले.

ओळखीच्या वकिलांनी सल्ला दिला होता की नोटीस पाठवा. नोटीस पोचायला दिवस लागतात, व्हिडिओला लागत नाहीत. झुंबरलालना कल्याणला कोर्टात उभं करायचं नव्हतं. ज्या तोंडानं डुप्लिकेट म्हटलं त्याच तोंडानं ते मागं घेतलेलं त्यांना ऐकायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दुकान उघडलं नाही. कापडी पिशवीत त्याच खेपेचा सीलबंद डबा घातला आणि भोकरदनची बस धरली. खिडकीशी बसलेल्या अनोळखी माणसाला त्यांनी अर्ध्या वाटेपर्यंत सगळं सांगितलं. त्या माणसाकडे गाडी नव्हती.

व्हिडिओ जिथं काढला ते कडूबा मिस्त्रीचं गॅरेज भोकरदनच्या बाहेर आहे. पत्र्याचं छप्पर, पुढे चार ट्रॅक्टर, मागे कल्याणची जीप ठोकळ्यांवर. कल्याण तिथंच होता. तो चौतीस वर्षांचा आहे. या भागात शेडनेटमध्ये टोमॅटो-मिरचीचं बियाणं तयार होतं, आणि फुलांचं क्रॉसिंग, म्हणजे हातानं परागीकरण, करायला बायका सकाळी लवकर पोचवाव्या लागतात, फूल उमललेलं असेपर्यंत. दोन शेडनेट ओढ्यापलीकडे आहेत. पावसाळ्यात तिथं साधी गाडी जात नाही, काळी माती चाकांना धरते. कल्याणची सेकंडहँड फोर-बाय-फोर जात होती, म्हणून ते काम त्याच्याकडे होतं. गिअर लागेनासे झाले तेव्हा बायका अर्ध्या वाटेत चिखलात उतरल्या आणि चालत गेल्या. त्यानंतर ते काम दुसऱ्याच्या जीपला गेलं. रागावण्याचं कारण त्यालाही होतं.

"आले का? नोटीस आणली असन," तो म्हणाला.

"डबा आणला. मोबाइल काढ. तूच तपास."

कल्याणनं कोड तपासला.

"वाच. मोठ्यानं वाच, ह्या सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

"ओरिजनल म्हणून राह्यलं."

"अन् तू काय म्हणून राह्यला होता?"

"मंग माझ्या रिंगा कशानं गेल्या?" कल्याणचा आवाज चढला. "ओरिजनलनं गेल्या का? तेवढं सांगा मला. डुप्लिकेट न्हाई तं काय, नजर लागली का गिअरबॉक्सला?"

कडूबा पंचावन्नचा आहे, कमी बोलतो. त्यानं एक रिंग फडक्यावर पुसली आणि झुंबरलालच्या हातात ठेवली. पितळेची, बांगडीएवढी. आतल्या बाजूला बारीक रेघा असायला हव्यात, त्या गुळगुळीत झाल्या होत्या. दाते बोथट झाले होते. झुंबरलालनी ती उलटसुलट करून पाहिली.

"ही असती का रिंग," ते म्हणाले.

"तुम्ही कधी पायली न्हाई?" कडूबानं विचारलं.

"मी तेल विकतो. रिंगा विकत न्हाई."

"म्या तं नव्वद आणायला सांगितलं ह्याला. नव्वद म्हणजे नव्वद."

"म्या नव्वदच मागितलं," कल्याण म्हणाला. "मला काय म्हाईत आत काय असतं."

"मी नव्वदच दिलं," झुंबरलाल म्हणाले. मग त्यांनी डबा फिरवून पाठीवरच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे पाच आहे. गिअरमध्ये चार लागतं म्हणे. काल कळलं मला."

कडूबा मान न उचलता म्हणाला, "चारच लागतं. मी चारच टाकतो गिअरमधी."

"तुला माहीत होतं?"

"म्हाईत हाय की."

"मंग टाकलं कसं?"

"डब्यावर नव्वद लिहेल होतं एवढं मोठं. हात तेलानं भरेल. मागचं कोण वाचून राह्यलं? नव्वद पायलं अन् वतलं."

जूनमध्ये नवं तेल भरायचं म्हणून कडूबानं गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही हाउसिंग एकाच वेळी रिकामी केली होती. ट्रान्सफर केस म्हणजे चारही चाकांना जोर वाटून देणारी पेटी. मग चारही जागी त्याच सोनेरी डब्यांतलं तेल ओतलं. हाउसिंगला ते बरोबर होतं. जुन्या जीपच्या रिंगा त्याआधी किती झिजल्या होत्या हे आता कुणीच सांगू शकत नाही. पण गिअर कडकड वाजायला लागले ते नवं तेल टाकल्यानंतर, याबद्दल गॅरेजमध्ये दुमत नव्हतं.

झुंबरलालचा राग आता कडूबाकडे वळला. माहीत असून ओततोस, शरम न्हाई वाटत, माझं नाव गावभर होतं आणि तू इथं गप बसतो, हे सगळं ते बोलले. व्हिडिओ काढला तेव्हा कडूबा तिथंच उभा होता आणि त्यानं एक शब्द काढला नव्हता. आता पाना ठेवून तो म्हणाला, "शेठ, माझंच नाव आलं असतं ना मंग." यावर गॅरेजमधले दोघं-तिघं हसले.

कल्याण हसला नाही. "त्याचं राहू द्या. तुमचं सांगा. तुम्ही दुकान टाकून बसले, तुम्हाला म्हाईत नव्हतं?"

"कालपर्यंत न्हाई."

"मंग इकून काय राह्यले तुम्ही एवढे वर्षं?"

झुंबरलाल लाल झाले. त्यांनी पिशवी उचलली, पुन्हा खाली ठेवली. "मला अडाणी म्हण," ते म्हणाले. "म्हाताऱ्याला काही कळत न्हाई म्हण. चालतं मला. व्हिडिओ काढून म्हण. पण डुप्लिकेट म्हणू नको. ते खोटं आहे."

"मंग हेच मोबाइलवर बोला."

"बोलतो. काढ."

दुसरा व्हिडिओ असा झाला. जीपपुढे झुंबरलाल पिशवीसकट उभे राहिले. कडूबाला त्यांनी हाताला धरून शेजारी ओढलं. तो म्हणाला, "मला कशाला ओढता?" ते म्हणाले, "नव्वद तू म्हणाला ना पहिले? ये." मग ते कॅमेऱ्याकडे बघून बोलले. "मी झुंबरलाल सुंदेचा, मस्तगड. माल ओरिजनल आहे, ह्यानं स्वतः तपासला. चुकीच्या जागी गेला. ह्यानं नव्वद मागितलं, मी नव्वद दिलं, कडूबानं नव्वद ओतलं. कुठं टाकायचं ते मी विचारलं न्हाई. विचारायला पाहिजे होतं. पण डुप्लिकेट न्हाई. आता ज्यानं डुप्लिकेट म्हटलं त्यानं माफी मागावी."

"माफी कशाची? गाडी माझी बसेल हाय," कॅमेऱ्यामागून कल्याण म्हणाला.

"शब्दाची."

"बरं, डुप्लिकेट न्हाई. चुकून बोललो. झालं?"

"जोरात बोल."

"डुप्लिकेट न्हाई! झालं का आता?"

"झालं."

हे सगळं न कापता त्याच ग्रुपवर गेलं. मग कल्याणनं तिथंच विचारलं की या मॉडेलचं पुस्तक कुणाकडे आहे का. जेमतेम चहा होईपर्यंत एकानं तेलाच्या पानाचा फोटो पाठवला. गिअरबॉक्स, चार. ट्रान्सफर केस, चार. मागचं-पुढचं हाउसिंग, पाच. सगळं नव्वद. हे पान जूनमध्येही त्याच माणसाकडे होतं. कुणी मागितलं नव्हतं.

मग कशात काय टाकायचं यावर पुन्हा वाद झाला. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसला चार नंबरचं सिंथेटिक, हे ठरलं. चिखलात बारक्या गिअरवर तासभर गाडी खेचली की तेल तापतं, तिथं सिंथेटिकचा उपयोग आहे. हाउसिंगला मात्र कडूबानं साधं पाच नंबर सांगितलं. जीप रोज ओढ्यातून जाते, हवेच्या नळीतून आत पाणी शिरतं आणि तेल दुधासारखं होतं. तसं झालं की ते फेकावंच लागतं.

"सगळ्यात फुल सिंथेटिकच टाका," कल्याण म्हणाला. "मी काय गरीब हाय का?"

"पाणी शिरल्यावर फुल काय अन् हाफ काय," झुंबरलाल म्हणाले. "नळी वर ओढून बांध. साधं टाक अन् जल्दी जल्दी बदल."

"तुम्हाला कधीपासून कळाया लागलं?"

"कालपासून. तुझ्यापेक्षा एक दिवस पहिले."

रिंगांचा खर्च कल्याणनं स्वतः करायचा ठरला. तो त्यावरून अजून नाराज आहे आणि कुणी विचारलं तर सांगतो की शेठनं निदान तेल तरी फुकट द्यायला हवं होतं. झुंबरलालनी ते साफ नाकारलं. त्यांचं म्हणणं असं की फुकट दिलं तर लोक म्हणतील, बघा, डुप्लिकेट होतं म्हणूनच दिलं. या मुद्द्यावर दोघांचं जमलेलं नाही.

गुरुवारपासून दुकानात एक बदल झाला. नव्वद मागणाऱ्या प्रत्येकाला झुंबरलाल विचारतात, "कुठं टाकायचं?" बहुतेकांना ते आवडत नाही. एका ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, "शेठ, तुम्ही वकील झाले का?" एकाला माहीत नव्हतं, त्यानं मिस्त्रीला फोन लावला, मिस्त्रीनं नव्वद एवढंच सांगून फोन ठेवला. झुंबरलालनी त्याला परत फोन लावायला सांगितलं. तो माणूस समोरच्या दुकानात गेला आणि काहीही न विचारता नव्वद घेऊन आपल्या गाडीकडे निघाला. झुंबरलाल काउंटरमागून उभे राहून बघत होते. "जाऊ दे," ते म्हणाले. "दिवाळीला येईन तो रडत." मग थोड्या वेळानं, "तिथंच जाईन तो. माझ्याकडे कशाला येतो."

शुक्रवारी सेल्समन पुन्हा आला. चार आणि पाच हे डब्याच्या पुढे, मोठं, मराठीत छापा असं झुंबरलालनी त्याला सांगितलं. तो म्हणाला, डिझाइन मुंबईत होतं, वर कळवतो. झुंबरलालनी डबा त्याच्यापुढे आपटला. "पुढं नव्वद एवढं मोठं. मागं मुंगीएवढं पाच. अन् डुप्लिकेट मी?" सेल्समननं या वेळी ऑर्डर न घेताच बॅग उचलली.

पहिला व्हिडिओ थांबलेला नाही. तो देऊळगाव राजाच्या बाजूला पोचल्याचं एका गिऱ्हाइकानं सांगितलं. दुसरा त्याच्यापेक्षा जास्त लोकांनी पाहिला, पण भांडण बघायला पाहिला, असं झुंबरलालना वाटतं. कंत्राटदाराचा फोन आलेला नाही. झुंबरलालनीही केलेला नाही. "त्यानं विचारलं असतं तर सांगितलं असतं," ते म्हणतात. "विचारायचं का न्हाई मला?"

रिंगा संभाजीनगरहून आल्या आहेत. कडूबानं गिअरबॉक्स जोडून ठेवला आहे, तेल तेवढं भरायचं बाकी आहे. चार नंबरचे डबे बसच्या टपावरून पाठवून द्या, शेठनं यायची गरज नाही, असा त्याचा निरोप होता. झुंबरलालनी उलट निरोप पाठवला की डबे मी स्वतः घेऊन येईन, मागची ओळ आधी मोठ्यानं वाचली जाईल आणि कल्याणनं मोबाइल चार्ज करून आणावा. त्यामुळे उद्या, शनिवारी, मस्तगडचं दुकान साडेनऊला उघडणार नाही, दुपारी दोनला उघडेल. शटरवर खडूनं तसं लिहिलेलं आहे.